मालिकेतल्या बाईचं गळ्यातलं

दहिवलीत तेव्हा टीव्ही असलेली घरं मोजकीच होती, आणि बायकांनी मोकळेपणाने जाऊन बसावं असं घर एकच, मोतीबाईचं. तिचा नवरा बुधाजी रेल्वेत होता. सरकत्या लाकडी दारांचा टीव्ही त्याने घरी आणला आणि दर गुरुवारी संध्याकाळी मालिकेच्या वेळी मोतीबाईची पडवी चपलांनी भरू लागली.

त्या चपलांत आपल्या चपला काढून ठेवताना जयवंताला बरं वाटे. ती बालवाडीची बाई. मूलबाळ नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांची पोरं सांभाळायची, आणि ती घरोघर गेली की बोलायला भिंती. आठवड्यातली ही एक संध्याकाळ मात्र माणसांची असे. इथे तिला कुणी जपून वागवत नसे. मोतीबाईची सासू ठकूबाई तर ती दिसली की सुरूच होई.

"आली का गं खोपोलीवाली? नवऱ्याच्या आठवणीनं वाळलीस की पार!"

"वाळेन नाहीतर काय आत्या, तुमच्यासारखी आयती भाकरी थोडीच मिळतेय?" जयवंता म्हणे, आणि सगळ्या हसत.

तिचा नवरा कोंडाजी खोपोलीच्या एका कारखान्यात होता. पाळ्या बदलत्या, म्हणून त्याने तिथेच खोली घेतली आहे आणि दर रविवारी आपणच डबा घेऊन जातो, असं जयवंता सगळ्यांना सांगे. सांगे तसं करीही. रविवारी सकाळी घराला कुलूप लावून, डबा पिशवीत घालून ती खोपोलीच्या गाडीत बसे. फक्त खोपोलीपर्यंत जात नसे. मधे पळसदरीला उतरे, फलाटाच्या टोकाशी झाडाखाली बसून डब्यातलं थोडं आपण खाई, उरलेलं कुत्र्यांना घाली आणि संध्याकाळच्या गाडीने परत येई. कोंडाजीच्या खोलीत आता दुसरी बाई होती. एकदा जयवंताने तिला दारात तांदूळ निवडताना पाहिलं होतं. तिने वर बघून, "कोण पायजे?" असं साधंच विचारलं होतं. "घर चुकले," म्हणून जयवंता मागे फिरली होती.

हे कुणाला कळू द्यायचं नाही, एवढंच तिने ठरवलं होतं. लोक नावं ठेवतील याची तिला भीती नव्हती. लोक हळहळतील, आवाज खाली आणून बोलतील, ते तिला सोसणार नव्हतं.

मालिकेतल्या नायिकेचं नाव शालन. तिचाही नवरा परगावी. पाहुण्यांसमोर ती हसे, बोले, चहाचे कप पुढे करी. पण तिच्या गळ्यात दोन वाट्यांचं लांब मंगळसूत्र होतं, आणि नवऱ्याचा विषय निघाला की चेहरा हसरा ठेवून तिची बोटं त्या वाट्या घट्ट धरीत. बायकांना मंगळसूत्राचा घाट आवडला होता; "असंच घडवायला पायजे," असं त्या एकमेकींना सांगत. जयवंता फक्त ती बोटं बघे. पहिल्यांदा ती दिसली तेव्हा तिने स्वतःचा हात गळ्यावरून झटकन खाली घेतला होता. तेव्हापासून टीव्हीसमोर ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसे.

त्या गुरुवारी शालनच्या घरची पाहुणेमंडळी गेली. तिने दार लावलं, आरशासमोर बसली, हात मानेमागे नेला, आणि नेमकं तेव्हाच चित्र थरथरून पडदाभर मुंग्या झाल्या. मोतीबाईने टीव्हीच्या डोक्यावर दोन थापा मारल्या. चित्र आलं तेव्हा शालनचा गळा मोकळा होता आणि मंगळसूत्र मेजावर पडलं होतं.

"अगं बाई, तुटलं!" भागूबाई ओरडली.

"जिभेला हाड हाय का तुझ्या?" ठकूबाई कडाडली. "वाढलं म्हण! भरल्या संध्याकाळी, सात सवाष्णी बसलेल्या असताना!"

सगळ्यांनी आपापली मंगळसूत्रं डोळ्यांना लावली. कार्यक्रम संपला तरी कुणी उठेना. टीव्हीतलं असलं म्हणून काय झालं, डोळ्यांनी तर बघितलं होतं. ठकूबाईने कुंकवाचा करंडा मागवला.

"सगळ्या जणी एकमेकींना हळदीकुंकू लावा. आणि नवऱ्याचं नाव घेतल्याबिगर कुणी उंबरा ओलांडायचा नाय."

"पण आत्या, ते तुटलेलं नव्हतं," जयवंता बोलून गेली. "तिनं हातानं काढून ठेवलं."

"येडी का खुळी? नवरा जिता असताना कोण काढतंय?"

"बाई, तुमीच सांगा, का काढलं असंल?" भागूबाईने खरंच विचारलं.

पोरांनी विचारलं की जयवंताला सांगितल्याशिवाय राहवत नसे, आणि सांगताना ती अवतीभवतीचं विसरून जाई. तसंच आता झालं.

"असं बघ भागू. दिवसभर ते लोकांसाठी घालायचं. लोक बघतात, म्हणून मानही ताठ ठेवायची. मग दार लावलं की ते जड होतं. काढून समोर ठेवलं, म्हणजे जरा वेळ कुणाला काही दाखवायचं उरत नाही. रडायचं तर रडता येतं. सकाळी पुन्हा घालायचंच असतं."

 

"तुला गं कसं ठावं?" ठकूबाईने हळूच विचारलं.

मोतीबाईने घाईघाईने करंडा उचलला आणि आपणच सुरुवात केली.

"कर्जत ठेसनात गाडीला मागून लावतात इंजान, बुधाजींचं नाव घेते, ऐका देऊन कान!"

एरवी यावर हशा पिकला असता. आज एकदोघीच हसल्या. एकेक नाव होत होत पाळी जयवंतापाशी आली. लग्नातला उखाणा तिला पाठ होता. दोन ओळी म्हटल्या असत्या, तर सगळं आत्ताच्या आत्ता मिटलं असतं. तिने तोंड उघडलं. पहिली ओळ आली. दुसऱ्या ओळीत नाव होतं, आणि ते ओठांवर येताना तिला तांदूळ निवडणारी ती बाई दिसली.

"मला नाही येणार," ती म्हणाली. "रविवारी मी त्यांच्याकडे जात नाही. पळसदरीला बसून परत येते."

मोतीबाईने तिला कुंकू लावलं. कपाळ दुखरं असावं इतक्या हलक्या हाताने. एकही प्रश्न न विचारता बायका उठल्या.

पुढच्या गुरुवारी जयवंता आली तेव्हा ओटीवर चाललेलं हसणं थांबलं. खाली सतरंजी अंथरली होती आणि तिच्या एकटीसाठी खुर्ची मांडली होती.

"बाई, तुमी वर बसा, निवांत," भागूबाई म्हणाली. ठकूबाईने तिच्याकडे बघून नुसती मान हलवली.

जयवंता खुर्चीत बसली. तिथून तिला सगळ्यांची डोकी दिसत होती.

शालनचा नवरा त्या दिवशी परत आला. हातात बॅग घेऊन दारात उभा राहिला, आणि तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं. "आला गं बाई!" कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या बायकांनी एकदम मान वळवून जयवंताकडे बघितलं. भागूबाईचे डोळे भरले होते. पडद्यावर जे झालं त्यातलं काही हिच्या वाट्यालाही येईल, असं त्या सगळ्यांना मनापासून वाटत होतं.

इतक्या चेहऱ्यांना नाही म्हणायचं तिच्या जिवावर आलं.

"येतील," जयवंता म्हणाली. सकाळी बालवाडीच्या दाराशी रडणाऱ्या पोराला, आई येईल हं, म्हणून ती सांगे, त्याच आवाजात.

बायकांना हायसं वाटलं. त्या पुन्हा टीव्हीकडे वळल्या. जयवंताला खाली सतरंजीवर, त्यांच्यात बसायचं होतं. पण तिथे आता जागा नव्हती, त्या सगळ्या पसरून बसल्या होत्या.