सालं राहून गेलेली आल्याची दारू

मित्रांनो, मी आल्याची आणि युझूची जुनी दारू आहे. दारू म्हटल्यावर काहींच्या भुवया वर जातील, जाऊ देत. जपानातल्या तोसाच्या या डोंगरात मला कुणी ढोसत नाही. थंडीत ओंजळीत पेला धरून घोट घोट घेतात.

माझं आलं इसाकुच्या शेतातलं. युझू, म्हणजे आमच्याकडचं खडबडीत पिवळं लिंबू, त्याच्या थोरल्या भावाच्या, कानबेईच्या बागेतलं. दरवर्षी दोघं भाऊ ओसरीवर बसून आल्याच्या चकत्या करत, युझू सोलत आणि खडीसाखरेसकट सगळं बरणीतल्या पांढऱ्या दारूत सोडत.

आलं महिनोन्महिने आत राहिलं तरी चालतं. सालं मात्र आठवड्यात काढावी लागतात, नाहीतर कडवटपणा उतरतो. ते काम कानबेईचं.

मला मुरत घातलं त्या वर्षी चौथ्याच दिवशी भावांचं बिनसलं. ट्रकला आडवी येते म्हणून इसाकुने थोरल्याच्या झाडाची फांदी न विचारता तोडली. झाड वडिलांनी लावलेलं. कानबेईने बोलणंच टाकलं.

आठवडा उलटला. इसाकुच्या बायकोने, तामाएने विचारलं, "सालं मी काढू का?"

"हात लावू नकोस. त्याची सालं आहेत, तो येईल आणि काढेल."

तो आला नाही. माझी रवानगी कपाटात झाली.

मित्रांनो, अंधारात मुरणं म्हणजे एक लांबलचक स्वप्नच. आलं मला मातीच्या गोष्टी सांगे, सालं उन्हाच्या. खडीसाखर कधी विरघळून गेली, कळलंही नाही. मी सोनेरी होत गेले, आणि कडूही.

त्यानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात कानबेई पायऱ्यांवरून घसरला, पाय मोडला. बातमी ऐकून इसाकु दिवसभर मोकळ्या शेतात उगाच कुदळ मारत राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी तामाएने मला काखोटीला मारलं आणि चढण चढून थोरल्याचं दार गाठलं. इसाकु वीस पावलं मागे, वाट चुकल्यासारखा.

"भाऊजी, तुमची सालं परत करायला आलेय."

कानबेई बरणीकडे बघतच राहिला. "तीन वर्षं ठेवलीस? वेडी का काय तू?"

"वेडं कोण, ते अख्ख्या गावाला माहितीय."

तिने पेल्यात आधी गरम पाणी ओतलं, मग मला. पाणी दोन वाटे, मी एक. असं केलं की ढवळावं लागत नाही. मी जड, आपसूक खाली उतरत मिसळते आणि वास तेवढा वर येतो. उन्हाळ्यात बर्फ आणि सोडाही चालतो, पण आधी मला हुंगा.

कानबेईने घोट घेतला. "कडूजहर!"

"कुणामुळे?" दाराबाहेरून इसाकुचा आवाज आला.

 मग कानबेई हसायला लागला, पाय ठणकेपर्यंत हसला. "आत ये, गाढवा. गारठा घरात शिरतोय. आणि तामाए, यात मध घाल गं."

त्यानंतर इसाकु रोज चढण चढून आला. रोज एकेक पेला.

मित्रांनो, माझी काळजी घ्यायची तर सालं वेळेवर काढा. भांडण झालं असलं तरी काढायला या.

आज माझा शेवटचा पेला दोघांच्या मध्ये ठेवलाय.

"तू घे."

"तू थोरला, तू घे."

वाफ विरत चाललीय. अरे, कुणीतरी उचला मला, मी निवतेय!