ओ देऊ नकोस

त्या पोरीनं मला चिडवलं नसतं तर मी तिला तसलं काही सांगितलंच नसतं. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर जो तो मलाच विचारत होता, तुझ्या डोक्यात होतं तरी काय? डोक्यात काही नव्हतं. राग होता, बस.

आमची नदी डोंगराच्या पोटात शिरते आणि गावाजवळ बाहेर पडते. मधे तासाभराचा अंधार. पाहुणे तो अंधार बघायलाच येतात. थोंगदाम मामा होडीत मागे बसून मोटर धरतो, मी पुढे उभी राहून बांबूनं खडक चुकवते. शाळा सोडली त्याला दोन वर्षं झाली. मला सगळे मुंगी म्हणतात. काटकुळी आहे आणि चावते म्हणून. खरं नाव घरच्यांशिवाय कुणाला माहीत नाही, आणि तेच बरं.

त्या दिवशी राजधानीतून, व्हिएन्तियानहून, तिघं आली होती. एक साहेब, त्याची म्हातारी आई आणि सात वर्षांची मुलगी, दालावोन. गुलाबी रेनकोट, डोक्याला बांधलेली बॅटरी, आणि तोंड एक मिनिट बंद नाही. गुहेच्या तोंडाशी सरकारी बोर्ड आहे. तिनं अर्धा घडाघडा वाचला आणि मला म्हणाली, "आता पुढचं तू वाच."

"मला काम आहे."

"वाचता येत नाही ना तुला? पप्पा, हिला वाचताच येत नाही! म्हणून होडी ढकलते ही!"

साहेब मोबाइलमधून मान वर न काढता हसला. आजी म्हणाली, "गप गं. तिच्याच होडीत बसायचंय तुला." मी बांबू असा आपटला की मामा म्हणाला, "तळाला भोक पाडतेस का काय?"

अर्ध्या वाटेवर वाळूचा पट्टा लागतो. तिथं उतरायचं, छताला लोंबणारे दगड बघायचे, मग वरच्या बाजूला चुलींकडे जायचं. युद्धात विमानं बाँब टाकायची तेव्हा आमचं अख्खं गाव त्या जागी राहिलं, कित्येक वर्षं. चुलींचे दगड अजून काळे आहेत. मडक्यांची खापरं पडलीत. खाली भिंतीत बुटकी बिळं आहेत, त्यात पोरांना झोपवायचे. माझी आजी त्यातल्याच एकात जन्मली. तिची दोन भावंडं तिथंच राहिली, कायमची.

तिथं कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही. मामा उतरायच्या आधी सगळ्यांना सांगतो, "आत नाव घ्यायचं नाही बरं का. इथले लोक ऐकतात, पाठ करतात आणि मग तेच हाका मारतात." पाहुणे हसतात. साहेबही हसला.

वाळूवर उतरताना पोरगी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "भुतं नसतात. आमच्या बाई म्हणतात. तुला कसं कळणार, तू शाळेत जात नाहीस."

झालं. मी खाली वाकले.

"मग ऐक. नाव ऐकू आलं तर ओ देऊ नकोस. ते आवाज काढतात. तुझ्या पप्पाचा, आजीचा, माझासुद्धा. ओ दिलीस की तुझ्या जागी तेच होडीत बसून घरी जातात आणि तू राहतेस इथं."

"मग... काय करायचं?"

"बॅटरी विझवून लपायचं. हूं की चूं करायचं नाही."

तिचा चेहरा एवढासा झाला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, लय बरं वाटलं.

पाच मिनिटं झाली असतील. आम्ही चुलींपाशी होतो, साहेब खडकाआड उभा राहून मोबाइल लावत होता. तिथून तो मोठ्यानं ओरडला, "दालावोन! दालावोन, इकडे बघ, फोटो!"

गुहेनं ते नाव उचललं, लांब नेलं आणि तीनदा परत आणून दिलं. तिसऱ्यांदा आलं तेव्हा ते साहेबाच्या आवाजासारखं नव्हतं. मी वळून बघितलं तर गुलाबी रेनकोट नव्हता. बॅटरीही नव्हती.

"दालावोन! चेष्टा पुरे!"

मग हाकांवर हाका. साहेब वर धावला, मामा खडकांच्या मागं बघत सुटला, मी खाली पाण्याकडे गेले. वाळूत रोवून ठेवलेला माझा बांबू दिसला. रोवला तेव्हा पाणी त्याच्या बुडाशीही नव्हतं. आता दोन पेरं बुडाली होती. पाण्यावर फेस होता आणि बांबूची हिरवी पानं वाहत होती. वर डोंगरापलीकडं पाऊस झोडपत असणार.

मामा येऊन शेजारी उभा राहिला. "किती?"

"दोन पेरं."

मामा घाबरला की शिव्या देतो. आता एकही शिवी आली नाही. हळूच म्हणाला, "बिळं आधी भरतात."

"दालावोन!" साहेब ओरडतच होता. आवाज फाटला होता त्याचा.

मामा म्हणाला, "साहेब, चला, तुम्हाला बाहेर सोडतो आणि गावातनं माणसं आणतो."

जाऊन यायला तास. पोरगी ऐकत होती. जवळच कुठंतरी, डोळे मिटून, सगळं ऐकत होती, आणि बाप जितका ओरडत होता तितकी आत सरकत होती. हे फक्त मला माहीत होतं. जीभ टाळूला चिकटलेली. पाण्यानं तिसरं पेर गिळलं तेव्हा सुटली.

"ती ओ देणार नाही," मी म्हटलं. "मी तिला सांगितलंय, देऊ नको म्हणून. पप्पाच्या आवाजालासुद्धा नाही."

साहेबानं माझा शर्ट गळ्याशी धरला. "काय सांगितलंस? ए पोरी, काय सांगितलंस तिला?" मी मागे टेकले ते थेट दगडाला. मामा मधे पडला नाही. पडायचं कारणही नव्हतं.

"सोड तिला," आजी म्हणाली. "हिनं भीती घातली, तू नाव घेतलंस. दोघांना बाहेर पडल्यावर बघते. आता कुणी हाक मारायची नाही. बसा खाली."

ती ओल्या वाळूत बसली. पिशवीतून चिकट भाताची टोपली काढली, उरलेलं उकडलेलं अंडं भातावर ठेवलं. "दोरा?" मामाच्या मनगटावर पांढरा दोरा होता, नव्या वर्षाला त्याच्या आईनं बांधलेला. तो तोडायचा नसतो, आपोआप गळू द्यायचा असतो. मामानं दातानं तोडला आणि दिला.

घाबरलेल्या माणसाचा जीव अंगातून पळतो, त्याला परत बोलवावं लागतं आणि दोऱ्यानं मनगटाला बांधावं लागतं. आमच्यात हे प्रत्येक पोराला ठाऊक असतं. ताप आला, झाडावरून पडलं, की आजी अंडं-भात घेऊन बसलीच. नाव नाही घ्यायचं. जिवालाच बोलवायचं.

"ये रे जिवा, ये. रानात असशील तर वाट धर. पाण्यात असशील तर काठ धर. दगडाखाली असशील तर उजेड धर. भात गरम आहे, अंडं सोललंय, अंथरूण घातलंय. ये रे जिवा." मग आजीनं विचारलं, घरी विचारतात तसंच, "आला का?"

पाण्याचा आवाज. साहेबानं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं.

आजी परत पहिल्यापासून. तोच सूर, जरासुद्धा घाई नाही. पाणी टोपलीच्या बुडाला लागलं. "आला का?"

काही नाही.

तिसऱ्यांदा आजीचा आवाज कापला. "आला का रे जिवा?"

"आला," भिंतीतून आलं. अगदी बारीक, झोपेतल्यासारखं. आजारी पोरानं अंथरुणातून द्यायचं उत्तर. सवयीनं निघून गेलं तिच्या तोंडातून.

कडेचं बीळ. तोंड अर्ध्याच्या वर पाण्यात. त्यात मामा मावणार नव्हता, साहेब तर नाहीच. मी आडवी झाले आणि शिरले. पाणी बर्फासारखं, छत पाठीला घासतंय. आत माझ्या बॅटरीच्या उजेडात गुलाबी काहीतरी दिसलं आणि झटकन मागे सरकलं.

"चल, हात दे."

"तू ती नाहीस."

"मीच आहे. मुंगी."

"ते आवाज काढतात. तूच म्हणालीस."

पाणी हनुवटीला लागत होतं. ओढावं तर ती आणखी आत गेली असती.

"बोर्डावर काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही. शाळेत होते तेव्हाही जमलं नाही," मी म्हटलं. "तू हसलीस. मला राग आला म्हणून तुला घाबरवलं. भुताला कशाला लाज वाटेल वाचता येत नाही म्हणून?"

ती हलली नाही. "नाव सांग. खरं."

तिथं. माझ्या आजीची भावंडं राहिली त्या भिंतीत. मी तोंड उघडलं आणि मिटलं. पाणी ओठाला लागलं तेव्हा सांगितलं, "विलायफोन."

माझ्या नावाचा घुमारा आत, बिळाच्या त्या टोकाला गेला. परत आला नाही. तिचा हात मात्र माझ्या हातात आला.

"नाक धर," मी म्हटलं आणि दोघी पाण्याखालून निघालो.

होडीत साहेब पोरीला कुशीत घेऊन रडत होता. माझ्याकडे त्यानं बघितलं नाही. आजीनं दोऱ्याचे दोन तुकडे केले, एक पोरीच्या मनगटावर बांधला. दुसरा घेऊन मला म्हणाली, "हात कर इकडे. मारायचं राहिलंय तुला, विसरले नाही." आणि बांधला.

बाहेर जाताना पाणीच ढकलत होतं. मामा मागे मोटरशी झगडत होता, मी पुढे खडक चुकवत होते. गुहेचं तोंड आधी बोटाएवढं दिसलं, मग ताटाएवढं. वाटलं, सुटलो.

तेव्हा मागून, अंधारातून, कुणीतरी म्हणालं, "विलायफोन."

हळू. ओळखीच्या माणसानं म्हणावं तसं. मामाचा आवाज होता. पण मामा मला जन्मात कधी त्या नावानं हाक मारत नाही, आणि त्या क्षणी तो मोटरला शिव्या देत होता.

माझं तोंड उघडलं होतं. ओ ओठावर आली होती.

पोरगी बापाच्या कुशीतून सरकली आणि तिनं माझा दोरा बांधलेला हात घट्ट धरला.

"देऊ नकोस," ती म्हणाली.