माझा डाग उजवीकडे आहे

माझ्या पडद्याच्या उजव्या कडेला, खालच्या कोपऱ्यापासून दोन बोटे वर, मसुरीच्या दाण्याएवढा एक काळा डाग आहे. तेवढ्या जागी काहीच उमटत नाही. भोवतालचे सगळे स्वच्छ दिसते. हा डाग कुठे आहे ते नीट लक्षात ठेवा मित्रांनो, कारण पुढे त्याच्यावर एक खोटा आळ येणार आहे.

मी या घरातला जुना लॅपटॉप. कारखान्यात मला जुळवणाऱ्या हातांत मोजे होते, त्यामुळे उघड्या हाताचा पहिला स्पर्श मला झाला तो या घरातल्या लेकीचा. बाबांनी मला तिच्या कॉलेजसाठी आणले होते. तेव्हा माझा काय थाट होता! कोणी पाहुणे आले की बाबा मला उघडून दाखवत आणि झाकण बोटाच्या टोकाने मिटत. पुढे लेकीला नोकरी लागली, ऑफिसने तिला नवा लॅपटॉप दिला, आणि माझी रवानगी कपाटावर, जुन्या चादरींच्या गाठोड्याखाली झाली. माझा डाग त्या वजनाने पडला.

आईने मला खाली काढले ते अपघातानंतर. सायकलवरून जाणाऱ्या दूधवाल्याला बाबांच्या गाडीची धडक बसली आणि त्याचा पाय मांडीत मोडला. आता तो काठी टेकत जिना चढतो आणि आमच्या मजल्यावर थांबत नाही. बाबा सगळ्यांना एकच सांगत, "अहो, एकदम समोर आला. आभाळातून पडावा तसा." त्याआधी गाडीचा डावा आरसा दोनदा फुटला होता आणि डावे दार खांबाला घासले होते. खांबही एकदम समोर आला होता म्हणे.

आरसा दुसऱ्यांदा फुटला तेव्हाच आईच्या मनात शंका आली होती, पण ती काही बोलली नाही. तिने पन्नाशी ओलांडली होती आणि स्टिअरिंगला कधी हातही लावला नव्हता. तिने मला पुसले, ऑनलाइन ड्रायव्हिंग कोर्सला नाव घातले आणि शिकायला बसली. तिचा विचार साधा होता. आपल्याला गाडी येऊ लागली की बाबांना 'तुम्ही चालवू नका' असे म्हणायची वेळच येणार नाही. ते वाक्य ती रोज ओठांवर आणी आणि चहाबरोबर गिळून टाकी. इकडे रोज सकाळी लेक बाबांच्या शेजारी, डाव्या सीटवर बसून ऑफिसला जात होती.

बाबांना या कोर्सची मोठी गंमत वाटे. "गाडी काय कीबोर्डवर शिकतात? मग पोहायलाही बादलीत शिक."

"शिकेन की. तुम्ही बादली भरून द्या," आई वर न बघता म्हणे.

एका रविवारी 'धोका ओळखा' नावाची चाचणी आली. पडद्यावर रस्ता धावतो आणि धोका दिसला की स्पेसबार दाबायचा असतो. आई नापास झाली. तिला प्रत्येक झाडच धोका वाटत होते.

"सरक," बाबा म्हणाले. "इतकी वर्षं चालवतोय. बघ आणि शिक." लेक चहाचा कप घेऊन मागे येऊन उभी राहिली.

उजव्या गल्लीतून ट्रक बाहेर आला. बाबांचे बोट लगेच पडले. उजवीकडे चेंडूमागे धावणारी मुलगी दिसली. पुन्हा अचूक. "बघितलंस?" मग डावीकडून एक सायकलस्वार आला. बोट हलले नाही. डावीकडून एक म्हातारी रस्ता ओलांडू लागली, पुढे डाव्या बाजूला उभ्या असलेल्या गाडीचे दार उघडले. बोट तसेच. बाबांचा चेहरा अगदी माझ्यासमोर होता. निवांत, किंचित हसरा. काही चुकते आहे याची पुसटशी खूणही त्यावर नव्हती. मित्रांनो, मी घाबरलो तो त्या हसण्याला.

पडद्यावर लाल अक्षरे आली. नापास.

"डबडं आहे हे!" बाबा उसळले. "मधेच तो काळा डाग. त्याच्यामागून कोण येतंय, कोण जातंय, माणसाला कळणार काय?"

आईने तोच भाग पुन्हा लावला आणि सायकलस्वारापाशी चित्र थांबवले.

"अहो, इथे कोण आहे?"

"कुठे? रस्ता रिकामा आहे."

आईने त्यांचा हात धरला आणि त्यांचे बोट पडद्याच्या डाव्या कडेला टेकवले. बाबांनी मान वळवली.

"हां, हा होय. हा आत्ता आला. एकदम."

"बाबा, चित्र थांबलेलं आहे," लेक म्हणाली. "आणि डाग उजवीकडे आहे."

बाबा बोट तिथेच ठेवून बसले. त्यांनी मान सरळ केली, पुन्हा वळवली, पुन्हा सरळ केली. पडद्यावरचा सायकलस्वार जागचा हलला नव्हता, पण त्यांच्यापुरता तो येत होता आणि जात होता.

मग त्यांनी विचारले, "दूधवाल्याने घंटी वाजवली असेल ना गं?"

आईने त्यांचे बोट पडद्यावरून हळूच खाली घेतले.

"उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ," लेक म्हणाली.

"जाऊ. सकाळी तुला ऑफिसला सोडतो आणि तसाच पुढे जातो," बाबा म्हणाले. सवयीने म्हणाले, आणि त्यांचा हात खिशातल्या किल्लीकडे गेला.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्राची धूळ तेवढी पुसा, अंगावर गाठोडी ठेवू नका, एवढेच माझे मागणे आहे. माझा डाग आता जाणार नाही, पण तो सगळ्यांना दिसतो. बाबांचा डाग त्यांना स्वतःला दिसत नव्हता. ज्यांना तो दिसला होता, त्यांनी सांगायला उशीर केला. तुमच्या घरात कोणाला दिसला, तर एक पाय मोडेपर्यंत थांबू नका.

आईने माझे झाकण अर्धे मिटले आणि बाबांपुढे तळहात धरला.

"किल्ली द्या. मी शिकेपर्यंत गाडी जागची हलणार नाही. आणि मी शिकले, तरी तुम्ही ती पुन्हा चालवायची नाही."