अठ्ठावीस कोरे चौकोन

“अहो, तक्ता कोराच?” बालवर्गाच्या बाईंनी कागद उलटून पाहिला. अठ्ठावीस चौकोन, एकातही खूण नाही.

पालक-वर्गाचा तो शेवटचा दिवस. रोज मुलाला वीस मिनिटं गोष्ट वाचून दाखवायची आणि चौकोनात खूण करायची, असा शाळेचा नियम. खुणा पुऱ्या असतील त्यांनाच पहिलीत थेट प्रवेश. बाकीची मुलं प्रतीक्षा यादीत. निम्म्या पालकांनी आत्ताच, बाहेरच्या व्हरांड्यात, एकाच पेनाने महिनाभराचं वाचन उरकलं होतं. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात काम करणारी ही आई तेवढी पेन न मागता आत आली होती.

“मी घरी पोचते तेव्हा पोरगी झोपलेली असते,” ती म्हणाली. “पहाटे दोघी बसतो. मी लोकांच्या कपड्यांना इस्त्री करते, ती मोज्यांच्या जोड्या लावते. शंभरपर्यंत मोजते. तोंड म्हणून बंद नसतं तिचं. त्याला चौकोन आहे का?”

“तसा नाही हो,” बाई हळूच म्हणाल्या. “करून टाका ना खुणा. कोण बघतंय?”

बाई भल्या होत्या, आणि त्याचाच तिला राग आला. पोरीसाठी खोटं बोलायला तिची ना नव्हती. आजवर पुष्कळ बोलली होती. पण चार आठवडे याच खोलीत तिला चांगली आई कसं व्हायचं ते शिकवलं होतं, आणि आता हे?

“नाही करणार.”

“मग नाव यादीत जाईल. कारण लिहावं लागतं, पालकांचा सहभाग नाही म्हणून.”

“ते लिहायचं नाही. चारही वर्गांना मी अर्धी रजा टाकून आलेय. खरं काय ते लिहा. आईने खोट्या खुणा केल्या नाहीत.” ती मुलांच्या बुटक्या खुर्चीत बसली, गुडघे पार हनुवटीला. “लिहीपर्यंत मी काही हलत नाही.”

मघाशी पेन फिरवणारे खिडकीबाहेर बघू लागले. शेवटी बाईंनी रजिस्टर ओढलं आणि ती म्हणाली तसंच लिहिलं.

तिने ते स्वतःकडे वळवलं. तिला वाचता येत होतं, पण अडखळत. म्हणून चारचौघांत ती कधी वाचत नसे. आता तिने ओळीखाली बोट ठेवलं आणि एकेक अक्षर जुळवत, मोठ्याने, सगळं वाक्य वाचलं. पुढे तिच्या मुलीचं नाव होतं, यादीत अकरावं. तेही वाचलं.