पाच नंबरची लाईन

मी काळुराम. गडबच्या पुढं हायवेला लागून एका दुकानवाल्या कंपनीचं गोडाऊन हाय, तिथं मी सुपरवायझर. सुपरवायझर म्हणजे काय मोठा साहेब नाय हां. गळ्यात शिट्टी, हातात पॅड आणि ओरडून ओरडून बसलेला घसा. पेणपासून रोह्यापर्यंतच्या दुकानांत जाणारं तेल, साबण, तांदूळ, बादल्या, सगळं आमच्याकडून जातं. तेरा वर्षं झाली मला. काळुरामच्या तोंडावर गोडाऊन चालतं असं लोक म्हणायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या डोक्यात आलं की दुकानांतून गणपतीपण विकायचे. पेण हाकेच्या अंतरावर, मग काय! आषाढापासून कारखान्यांतून टेम्पो यायला लागले. बाराशे मूर्ती. कुठं ठेवणार? पाच नंबरच्या लाईनीत डाव्या हाताचे रॅक रिकामे केले आणि तिथं लावल्या. उजव्या हाताला आमचे नेहमीचे तेलाचे डबे, पंधरा-पंधरा किलोचे. मधून हँडपॅलेट, म्हणजे माल ओढायची हातगाडी, न्यायची वाट.

आता आमच्या गोडाऊनात लोखंडी टोपीचे सेफ्टी बूट घातल्याशिवाय पाय ठेवायचा नाय, हा पहिला नियम. भिंतीवर बोर्ड हाय, दर सोमवारी मी स्वतः वाचून दाखवतो. पण बाप्पांच्या समोरून बूट घालून कसं जायचं? मलाच कसंतरी व्हायला लागलं. आमचा बाप मिठागरात जन्मभर अनवाणी राबला, त्याच्या पायाला कधी काय झालं नाय, ही आणखी एक मस्ती माझ्या डोक्यात. मी काय केलं, लाईनीच्या तोंडाशी लाकडाची एक पट्टी ठोकली, उंबऱ्यासारखी. बाजूला बूट ठेवायला एक फळी. सांगून टाकलं, पाच नंबरात बूट काढून जायचं. कुणी नाय म्हणालं नाय. बायका हळदीकुंकू वाहायला लागल्या, सकाळी उदबत्ती लागायला लागली. मॅनेजरसाहेब आले, त्यांनी बघितलं, हात जोडले, आपले बूट काढले आणि फोटो काढून घेतला. झालं! मॅनेजरनंच काढले म्हटल्यावर बोर्ड कोण बघतो?

एकजण बघत होता. जोनाथन.

जोनाथन माझा लंगोटीयार. आमच्या गावात ज्यू लोकांचं त्यांचं एकच घर, शनवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनवार तेल्यांचं घर म्हणतात अजून, तेलाचा घाणा जाऊन दोन पिढ्या झाल्या तरी. बाकीचे त्यांचे लोक कधीच इस्रायलला गेले. लेक नोआ तीपण गेली, तिकडं नर्स हाय. दर दोन महिन्यांनी फोनवर रडायची, बाबा या म्हणून. हा बाबा जायला तयार नाय. म्हणायचा, तिकडं माझ्याशी मराठीत भांडायला कोण हाय? बायको ज्युडिथला घेऊन रोह्याजवळ अष्टमी गावात भाड्याच्या खोलीत राहायचा आणि रोज कासूपर्यंत गाडीनं येऊन पुढं रिक्षानं कामाला. गणपतीत आमच्या घरी आरतीला झांजा त्याच्याच हातात. माझ्या बायकोला, बायजाला, त्याच्याशिवाय आरती सुरू करायची नसायची.

तर हा नियमाचा पक्का माणूस. पाच नंबरात बूट घालूनच शिरायचा. चार-पाच दिवस मी बघून न बघितल्यासारखं केलं. मग बायका कुजबुजायला लागल्या आणि एका सकाळी सगळ्यांसमोर मी त्याला थांबवलं.

"अरे, बूट काढ की. सगळे काढतात."

"सगळे चुकतात म्हणून मी चुकू?" तो हसत म्हणाला. "काळू, उजव्या हाताला तेल हाय. डबा पडला पायावर तर? आणि मला सांग, पेणला कारखान्यात तुझा साडू चपला घालूनच रंग मारतो ना यांना? मीच बघितलंय. घरी नेऊन प्रतिष्ठा होईपर्यंत माती ती, हे तूच मला सांगितलंस लहानपणी."

लोक हसले. बरोबरच होतं त्याचं. वीस माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. माझं टाळकं सटकलं.

मी म्हणालो, "तुझा देव नाय ना तो. तुला काय कळणार?"

हसणं बंद झालं.  जोनाथन खाली बसला, नाड्या सोडल्या, बूट फळीवर ठेवले, मोजे आत कोंबले आणि हँडपॅलेट घेऊन आत गेला. मला वाटलं, चला, मिटलं. त्या दिवसापासून तो रोज न सांगता बूट काढायचा. दुपारचा डबापण एकटाच खायला लागला, ते मला नंतर आठवलं.

नवव्या दिवशी झालं. रोह्याच्या दुकानाची गाडी लागली होती, तेल भरायचं होतं. डबे हलू नयेत म्हणून गुंडाळायचं प्लॅस्टिक संपलेलं, नवीन आलं नव्हतं. मीच म्हटलं, तसंच ओढा, दहा पावलांचं तर काम. जोनाथननं तीन थर डबे लावले आणि ओढत निघाला. लाईनीच्या तोंडाशी मी ठोकलेली ती पट्टी. चाक तिच्यावर चढलं, उतरताना धक्का बसला आणि वरचा डबा कोपऱ्यानं त्याच्या डाव्या पायावर आला.

तो ओरडला नाय. आई गं, एवढंच म्हणाला आणि खाली बसला. बूट तिथंच होते, हातभर अंतरावर, फळीवर.

रोह्याला दवाखान्यात नेलं. तीन बोटं काढावी लागली. डॉक्टर मला बाहेर घेऊन म्हणाले, "तुमच्याकडं बूट देत नाहीत का हो? बूट असता तर जरा सुजलं असतं, दोन दिवसांत कामावर आला असता." मी म्हटलं, देतात. पुढं त्यांनी काय विचारलं नाय.

चौथ्या दिवशी मुंबईहून कंपनीच्या सेफ्टी ऑफिसर आल्या, मृणाली मॅडम. बाई सरळ होती. मला समोर बसवलं आणि म्हणाली, "काळुरामजी, एकच गोष्ट ठरवायची आहे. यांनी बूट स्वतःच्या मनानं काढले, की कुणी काढायला सांगितले? कुणी सांगितले असतील तर जबाबदारी कंपनीची. मग त्यांना गेटवर नाहीतर ऑफिसात बसून काम द्यावंच लागेल. स्वतः काढले असतील तर नियम मोडला, कॉन्ट्रॅक्ट संपलं. तुम्ही सुपरवायझर, तुम्हाला माहीत असणार."

मला माहीत असणार! दाराबाहेर मॅनेजर उभा होता. उंबऱ्याची पट्टी आणि फळी अपघाताच्या रात्रीतच कुणीतरी काढून टाकली होती. माझं वय चोपन्न झालेलं, या वयात मला दुसरीकडं कोण उभं करणार? मी खाली बघितलं आणि म्हटलं, "त्यानं काढले होते खरे. का काढले ते मला माहीत नाय."

मॅडमनं लिहून घेतलं. माझी सही घेतली.

घरी आलो तर बायजानं ताट वाढलं आणि विचारलं, "जोनाथनभाऊजींचं काय ठरलं?" मी सांगितलं, खोटं नाय, जसं झालं तसं सगळं.  ती म्हणाली, "तुमी जेवा." आणि उठून आत गेली. आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली, बायजा शिव्या घालते, भांडी आपटते, पण जेवताना मला एकटं सोडून कधी उठत नाय. ताट तसंच ठेवलं मी. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर.

सकाळी सगळ्यात आधी ऑफिसात गेलो. मॅडम निघायच्या तयारीत होत्या. मी म्हटलं, "मॅडम, काल मी खोटं बोललो. बूट मी काढायला लावले. पट्टी मी ठोकली. प्लॅस्टिक नसताना माल ओढायला मीच सांगितलं. त्याला तर सगळ्यांसमोर टोचून बोललो म्हणून त्यानं काढले. हे लिहा आणि मला काढायचं तर काढा."

मॅनेजरचं तोंड उतरलं. मॅडम खाली बसल्या, कालचा कागद पुढं घेतला. म्हणाल्या, "त्यांनीपण तसं सांगितलं तर मी हे आजच बदलते." आणि माझ्यासमोर जोनाथनला फोन लावला, स्पीकरवर.

मी हात जोडूनच उभा होतो. एकदा सुटलो, असं वाटत होतं. त्यानं हो म्हटलं की संपलं. त्याला काम, मला काय व्हायचं ते होवो.

मॅडमनं विचारलं. पलीकडून जोनाथनचा आवाज आला, दमलेला पण साफ.

"नाय मॅडम. मला कुणी सांगितलं नाय. गरम व्हायला लागलं म्हणून मीच काढले. काळुराम माझा दोस्त हाय, माझ्यासाठी अंगावर घेतोय."

"जोनाथन!" मी ओरडलो. "अरे खरं सांग ना! तुझ्या नोकरीचा प्रश्न हाय!"

"खरंच सांगतो," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

मॅडमनं माझ्याकडं बघितलं. त्या बाईला सगळं कळलं होतं, मी शपथेवर सांगतो. पण जखमी झालेला माणूसच नाय म्हणतोय म्हटल्यावर ती तरी काय करणार? पट्टीच्या जागेवर खिळ्यांची भोकं होती, ती मी दाखवली. मॅनेजर म्हणाला, जुनी असतील. इतरांना बोलावलं, एकानंही तोंड उघडलं नाय. त्यांना वर्षानुवर्षं गप्प राहायला शिकवणारा मीच. कागद होता तसाच मुंबईला गेला.

दुपारी तडक अष्टमीला गेलो. डोक्यात नुसती आग. हा काय शहाणपणा! मी नोकरीवर पाणी सोडायला तयार, आणि हा दानशूराचा अवतार! ज्युडिथवहिनीनं दार उघडलं. जोनाथन खाटेवर, पाय उशीवर, पांढऱ्या पट्ट्यांत. खाली जमिनीवर दोन बॅगा उघड्या पडल्या होत्या, कपडे अर्धे भरलेले.

"हे काय?" मी विचारलं.

वहिनी म्हणाली, "नोआनं सगळे कागद केलेत, भाऊजी. पुढच्या महिन्यात निघायचं. काम असतं तर यांनी ऐकलं नसतं. आता काय म्हणून राहायचं?"

 मी खाटेच्या कडेला बसलो. "तू खोटं का बोललास? एक हो म्हटलं असतंस तर इथंच राहिला असतास. मी माझी मान दिली होती रे तुझ्यासाठी."

"दिली होतीस. पण एक दिवस उशिरा," जोनाथन म्हणाला. रागानं नाय, भाव सांगावा तसं. "आणि लवकर दिली असतीस तरी मी तेच बोललो असतो. हो म्हटलं असतं तर कागदावर काय आलं असतं? गणपतीपुढं बूट काढायला लावले म्हणून जोनाथनचा पाय गेला. मग तुझं काम गेलं असतं, तिथली उदबत्ती बंद झाली असती, आणि सगळे म्हणाले असते, जोनाथननं देवाला मध्ये आणलं. तू नाय आणलंस, काळू. जोनाथननं. गेटवर बसून रोज ते ऐकायचं होतं मी?"

"कोण म्हणालं असतं? आपली माणसं हायत ती!"

"तुझी."

 मी म्हटलं, "त्या दिवशी मी तसं म्हणायला नको होतं. रागात तोंडातून निघालं."

"ते मला माहीत हाय," तो म्हणाला. "पण रागात निघालं म्हणजे आत होतं ना? पन्नास वर्षं होतं. मी तुझ्या घरी झांजा वाजवत होतो तेव्हापण होतं. मी बूट काढले ते देवाला भिऊन नाय आणि तुला भिऊनपण नाय. मला तेव्हा एकच वाटलं, की आज मी बूट काढले नाय तर उद्यापासून मी इथला नाय. काढले. तरीपण नाय झालो. मग बोटांचं एवढं काय?"

वहिनी दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली.

मी त्याला म्हटलं, "जोनाथन, तसं नाय रे. तू आमचाच हायस."

  पायाखालची उशी जरा सरकली होती, ती नीट करायला त्यानं मला सांगितलं, आणि मी ती नीट केली.