उत्तर दिलं की संपलं

नेव्हिल ब्रेथवेटने घराच्या फाटकावर पाटी ठोकली, त्याला आता दुसरा हिवाळा लागला होता. या आवारात पाऊल टाकायची जी काही मुभा जगाने गृहीत धरली असेल ती मालकाने काढून घेतली आहे, असं त्या पाटीवर लिहिलं होतं. पोस्टमन ती रोज वाचून रोज आत यायचा. समोरच्यांच्या मांजराला वाचता येत नव्हतं. आणि वीज कंपनीने वाचली असलीच तर मनावर घेतली नव्हती.

त्याची बायको हेझल हिला वरच्या खोलीच्या खिडकीतून त्या पाटीची फक्त पाठ दिसायची. जुन्या कपाटाचं दार कापून केलेली पाटी, त्यामुळे पाठीवर अजून कोट टांगायचा आकडा होता. हेझलचं जग म्हणजे पलंग, खुर्ची, ती खिडकी, न्हाणीघर आणि जिन्याची वरची पायरी. तिथवर नळी पुरायची. पलंगाच्या पायथ्याशी प्राणवायूचं मशीन रात्रंदिवस घरघरत असायचं आणि त्यातून निघालेली प्लास्टिकची नळी हेझलच्या नाकात यायची. अर्धी फुप्फुसं बिस्किटांच्या कारखान्यातल्या पिठाने खाल्ली होती, अर्धी तिच्या स्वतःच्या सिगारेटींनी. कोणी किती खाल्ली ते डॉक्टरने सभ्यपणे सांगायचं टाळलं होतं. मशीन विजेवर चालायचं. कपाटात प्राणवायूचा एक सिलिंडर होता, वीज गेली तर वेळ निभावून नेण्यापुरता, पण ऑक्टोबरात हॉस्पिटलला जाताना तो निम्मा संपला होता.

नेव्हिलला वेडा म्हणणारे गावात पुष्कळ होते. हेझलला त्यांचा राग यायचा, कारण तिने त्याला या वेडाच्या आधी पाहिलं होतं. सत्तावीस वर्षं त्याने किनाऱ्याच्या रस्त्यावर बस चालवली. डेपो बंद झाला तेव्हा साहेबाने चहा पाजून कागद पुढे केला, आणि माणसावर विश्वास टाकायची सवय असल्यामुळे नेव्हिलने न वाचता सही केली. त्या सहीने त्याची नुकसानभरपाई गेली आणि पेन्शनचा मोठा तुकडाही गेला. वकिलाने कागद पाहून एकच विचारलं होतं, "सही तुमचीच ना?" त्यानंतर वर्षभर नेव्हिल स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून राहिला. दाढी करायचा नाही, पडदे उघडायचा नाही. तिला तेव्हा जिना उतरता यायचा, आणि सकाळी खाली जाताना ती रोज मधल्या पायरीवर थांबायची, की आज खाली काय दिसेल.

मग रॉडनी भेटला. पबच्या मागच्या खोलीत मंगळवारी तो बिलं नि नोटिसा कशा नाकारायच्या याचा वर्ग घ्यायचा. त्याच्याकडे जाड फाइली होत्या आणि प्रत्येक फाइलची किंमत होती. तो एकदा घरीही आला. नाताळच्या गोड पेस्ट्र्या खाल्ल्या, एक, दोन, आणि तिसरी रुमालात बांधली. हेझलच्या मशीनकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

"बिल म्हणजे देणं नव्हे, हेझल," तो म्हणाला होता. "ते आमंत्रण असतं. तू उत्तर दिलंस की तू जेवायला आलीस. मग जेवणाचे पैसे द्यावेच लागतात. उत्तरच दिलं नाही तर कसला करार?"

"पण जेवण तर चालूच आहे," हेझल म्हणाली. "वीज येतेय ना घरात?"

"वीज आकाशातही चमकते. तिचं बिल कोण पाठवतं?"

नेव्हिल मांडीवर थाप मारून हसला. कितीतरी महिन्यांनी तो हसला होता, म्हणून हेझलने पुढचा प्रश्न गिळला.

त्या दिवसापासून घरात शिस्त आली. बिलं न फोडता परत जायला लागली. पाकिटावर 'करार नाही' असं लिहायचं आणि खाली लाल शाईत अंगठा उठवायचा. सही कशावरही नाही. पार्सलवाला सही मागायचा तर नेव्हिल हात मागे बांधून उभा राहायचा, मग तो पोरगा हसत स्वतःच सही ठोकून द्यायचा. आणि दारात कोणी आलं तर एक नियम होता, बाकी सगळे नियम त्याच्या पोटात येतात असं रॉडनी सांगायचा. त्यांच्या एकाही प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही. नाव विचारलं तरी नाही, वेळ विचारली तरी नाही. उत्तर दिलं की संपलं. नेव्हिल रोज दाढी करायला लागला. ग्रंथालयात जाऊन नोटिसा छापून आणायचा आणि जिना चढताना शीळ घालायचा. हे सगळं खुळचटपणाचं आहे हे हेझलला कळत होतं. पण खुर्चीवर बसलेला नेव्हिल तिला परत नको होता, आणि त्यापुढे वीज कंपनीची तिला काय पडली होती!

ब्रिजेट नावाची नर्स महिन्यातून एकदा यायची. तिने उन्हाळ्यात एक कागद आणला होता.

"इथे एक सही कर, बाई," ती म्हणाली. "घरात मशीनवर जगणारं माणूस आहे अशी नोंद झाली की ते तुमच्या विजेला हात लावत नाहीत. बिल कितीही थकलेलं असू दे."

ती गेल्यावर नेव्हिल पलंगाच्या कडेला येऊन बसला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"सही नको गं, हेझ. मी एकदा केली होती."

"ही वेगळी आहे, नेव्ह. ही आपल्या बाजूची आहे."

"तीही आपल्याच बाजूची आहे म्हणून सांगितलं होतं त्यांनी. चहा पाजला होता मला."

तिने सही केली नाही. कागद विणकामाच्या पिशवीत गेला. पुढे ब्रिजेटची बदली झाली, नवी नर्स फोनवरच चौकशी करायची, आणि फोन नेव्हिल घ्यायचा.

वीज कंपनीची माणसं नोव्हेंबरात एका सकाळी आली. समुद्राकडून वारा सुटला होता. हेझल खिडकीशी खुर्चीत होती. पांढरी गाडी थांबली, दोघं उतरले. दाढीवाल्याने फाटकावरची पाटी शेवटपर्यंत वाचली, मान हलवली आणि फाटक उघडलं. कोर्टाचा हुकूम त्याच्या हातात होता. नेव्हिल दार उघडून उंबऱ्यापुढच्या पायरीवर उभा राहिला. खालचं बोलणं जिन्यातून स्पष्ट वर येत होतं.

"मिस्टर ब्रेथवेट का?"

नेव्हिल गप्प.

"बरं. आम्हाला घरात यायचीसुद्धा गरज नाही. मीटर बाहेरच्या भिंतीत आहे. तो काढून आधी पैसे भरायचा मीटर बसवणार. किल्ली मिळेल, दुकानात पैसे भरायचे, किल्ली मीटरमध्ये घालायची. कळलं ना?"

"मी प्रश्नांना उत्तरं देत नाही," नेव्हिल म्हणाला. आवाज खणखणीत होता. बसमध्ये दारुडे चढले की तो असा आवाज काढायचा.

"नका देऊ, तुमची मर्जी. पण एक विचारणं मला भाग आहे. घरात कोणी आजारी आहे का? विजेवर चालणारं काही औषधोपचाराचं मशीन? असेल तर तसं सांगा, मी आत्ताच्या आत्ता परत जातो. खरंच सांगतो."

हेझलने हातातली काठी जमिनीवर टेकली होती. दोनदा आपटली असती तर पुरलं असतं. पण आपटायची गरजच तिला वाटली नाही. नियम नियमाच्या जागी, हे तरी तो सांगेलच. एवढं साधं 'हो' तो म्हणेलच, मग ती दोघं निघून जातील, आणि संध्याकाळभर तो नियम मोडला म्हणून कुढत बसेल, तेव्हा त्याची समजूत कशी काढायची हेसुद्धा तिने ठरवायला घेतलं होतं.

खाली वाऱ्याने दार आपटलं.

"अहो, हो किंवा नाही, एवढंच म्हणा," दाढीवाला म्हणाला. त्याच्या आवाजात अजिजी होती. "मान हलवलीत तरी चालेल."

नेव्हिलने मान हलवली नाही. हेझलला वरून त्याचं टक्कल आणि ताठ मान दिसत होती. तिला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. तिने काठी आपटली, एकदा, दोनदा, पण तोवर दाढीवाला हात झटकून घराच्या कडेला वळला होता आणि दुसऱ्याचं ड्रिल सुरू झालं होतं. तिने काचेवर बोटं वाजवली. वाऱ्यात कुणाला ऐकू जाणार! मग मशीनची घरघर थांबली आणि त्याची शिट्टी किंचाळायला लागली. थोड्या वेळाने घरघर पुन्हा सुरू झाली तेव्हा नवा मीटर बसलेला होता.

नेव्हिल दोन दोन पायऱ्या चढत वर आला. चेहरा लालबुंद, डोळे चमकत होते.

"ऐकलंस ना, हेझ? एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही मी! एकाही!"

"त्याने माझ्याबद्दल विचारलं, नेव्ह."

"तीच तर त्यांची युक्ती असते. कळवळ्याचा प्रश्न शेवटी टाकतात. रॉडनीने सांगून ठेवलं होतं."

"तो परत जाणार होता. 'हो' म्हणायचं होतं फक्त."

"साहेबसुद्धा असंच म्हणाला होता," नेव्हिल म्हणाला. "फक्त सही करायची आहे."

बोलायला श्वास लागतो आणि तिच्याकडे तो मोजका होता. त्या रात्री आयुष्यात पहिल्यांदा तिला त्याचा तिरस्कार वाटला. तो शेजारी लहान मुलासारखा गाढ झोपला होता, त्याचाही तिला राग आला.

किल्ली पाकिटात घालून त्यांनी दारातून आत सरकवली होती. मीटरमध्ये सुरुवातीचे थोडे पैसे त्यांनीच घातले होते. दुकानात जाऊन ये, असं हेझलने दुसऱ्या दिवशी सांगितलं, तिसऱ्या दिवशी सांगितलं. "बघतो," तो म्हणायचा. खाली दिवे न लावता बसायचा, चहासुद्धा कमी करायचा, म्हणजे पैसे मशीनला पुरतील. हे तो तिच्यासाठीच करत होता, आणि त्यामुळे तिला अधिकच रडू यायचं.

पैसे संपले ते एका गुरुवारी दुपारी. बाहेर अंधारून आलं होतं. मशीन थांबलं, शिट्टी वाजली. नेव्हिल धावत वर आला, कपाटातला सिलिंडर ओढला, नळी जोडली. काम त्याने नीट केलं. सिलिंडरवरचा काटा निम्म्याच्याही खाली होता.

"आता जा," हेझल म्हणाली. "किल्ली घे, नि जा. दुकान उघडं आहे."

तो उभाच राहिला.

"नेव्ह, किल्ली."

"परत पाठवली," तो म्हणाला.

"काय?"

"ती घरात ठेवणं म्हणजे करार मान्य करणं. मी पाकीट फोडलंसुद्धा नाही. अंगठा उठवून त्याच दिवशी पोस्टात टाकलं." तो खाली बसला. "मला वाटलं होतं, ते घाबरतील, हेझ. एकदा तरी त्यांना घाबरवायचं होतं मला."

त्याने रॉडनीला फोन लावला. घंटा वाजत राहिली. कंपनीला लावला, तिथे गाणं वाजत राहिलं. शेजारचं घर उन्हाळ्यापासून रिकामं होतं, आणि समोरच्यांकडे धावत जाऊन आला तर तिथेही अंधार, दोघंही कामावर. काटा लाल पट्ट्यात शिरला. हेझलचे ओठ निळे पडायला लागले तेव्हा त्याने आणीबाणीचा नंबर फिरवला आणि फोन पलंगावर ठेवला, म्हणजे तिलाही ऐकू यावं.

फोनवरच्या बाईने नाव विचारलं.

"नेव्हिल ब्रेथवेट," तो म्हणाला. दोन वर्षांत हेझलने त्याच्या तोंडून ते नाव ऐकलं नव्हतं. बाईने पत्ता विचारला, त्याने सांगितला. पेशंटचं नाव, वय, जन्मतारीख, सगळं एका दमात सांगितलं.

"त्या विजेच्या मशीनवर अवलंबून आहेत का?"

"हो," नेव्हिल म्हणाला. मग तिने न विचारताच पुन्हा म्हणाला, "हो. हो. आहे. वर आहे ती. मशीन आहे तिला. हो." तो हुंदके देत होता आणि थांबत नव्हता.

बाईने शांतपणे सांगितलं, गाड्या आज कमी आहेत, वेळ लागेल, पण पाठवतोय. माणसांना दारापर्यंत यायला काही अडचण नाही ना?

नेव्हिल चमकून उठला. "पाटी!" तो म्हणाला, आणि जिना उतरून धावला.

नको, असं हेझलला म्हणायचं होतं. पाटी राहू दे. आजवर ती कुणाला अडवू शकलीय? इथे बस, माझा हात धर. पण तेवढ्यासाठीसुद्धा श्वास हवा होता. खाली खण उघडल्याचा आवाज आला, हातोडी शोधल्याचा, दार आपटल्याचा. मग फाटकाशी त्याने काही ओढलं, लाकूड चिरफाळलं. सिलिंडरमधली बारीक फुसफुस कमी होत होत थांबली. फोनवरची बाई हॅलो, हॅलो करत होती.

"काढली, हेझ!" तो अंधारातून ओरडला. "काढून टाकली! ऐकलंस का?"

तिने ऐकलं होतं. तोंड उघडून ती 'हो' म्हणायचा प्रयत्न करत होती.

"हेझ?" त्याने पुन्हा विचारलं. आता तो जिन्याच्या तळाशी होता. "हेझ, ऐकू येतंय ना?"