वस्तऱ्याशेजारची डबी

मी बोलतेय, सलूनच्या आरशाखालची पत्र्याची डबी. पूर्वी माझ्यात बटणं असत, आता ग्लुकोजच्या गोळ्या असतात. माझे मालक दाढी-कटिंग करतात. गिऱ्हाइकं त्यांना दादा म्हणतात.

दादांना मधुमेह आहे. एका सकाळी नेहमीचं गिऱ्हाईक असलेल्या शाळेतल्या गुरुजींच्या गळ्याशी वस्तरा असतानाच त्यांचा हात थरथरू लागला, दरदरून घाम फुटला. साखर उतरली होती. गुरुजींना हनुवटीखाली जरासं कापलं, एवढंच. तुरटी चोळत ते म्हणाले, "अहो, दाढी करायला आलोय, गळा द्यायला नाही!" सगळे हसले. दादांच्या मनात मात्र भीती बसली ती बसलीच.

तेव्हा मला नोकरी लागली. प्रत्येक दाढीआधी एक गोळी, पोट भरलेलं असलं तरी. हात जरा हलला की दोन. माझा भाव भलताच वधारला आणि मीही शेफारले. इकडे साखर चढून दादांची तहान भागेना, नजर धूसर झाली, गिऱ्हाइकांचे कल्ले वरखाली होऊ लागले. त्यात माझाही वाटा होता, हे सांगताना आज लाज वाटते.

एकदा दादांच्या बायकोनं, वहिनींनी, मला उघडलं. "अहो, ही परवाच भरली होती! गोळ्या खाता की फुटाणे?"

"साखर उतरली आणि कुणाचा गळा चिरला गेला तर?" दादांनी विचारलं. "मग या खुर्चीत कोण बसेल?"

दुसऱ्या दिवशी वहिनींनी आम्हा दोघांना डॉक्टरबाईंपुढे नेऊन बसवलं.

"सकाळचं औषध कधी घेता?" बाईंनी विचारलं.

"घरून निघताना."

"आणि खाता कधी?"

"पहिली दाढी झाल्यावर. वीस वर्षांचा शिरस्ता आहे."

"मग तो आजपासून मोडा. या औषधाबरोबर पोटात काहीतरी हवंच. आणि भीती वाटली की आधी मोजा, मग डबी उघडा."

तेव्हापासून साखर मोजायचं यंत्र माझ्या शेजारी आलं. दादा घाबरायचे, बोट टोचायचे, आकडा एकशे तीस यायचा आणि मी बंदच राहायचे. आधी राग आला, मग सवय झाली.

परवा कामाच्या गर्दीत जेवायला उशीर झाला. खुर्चीतल्या माणसाच्या तोंडाला फेस लावला आणि दादांना घाम फुटला. त्यांनी मोजलं. चौसष्ट. चार गोळ्या तोंडात टाकून ते सगळ्यांदेखत म्हणाले, "माझी साखर उतरलीय. पंधरा मिनिटं थांबावं लागेल." असं ते आजवर कधी कुणाला बोलले नव्हते.

तो माणूस फेसासकट उठला. "दादा, तुम्ही बसा इथे. अशा तोंडानं मी कुठे जाणार?"

वीस वर्षांत दादा त्या खुर्चीत पहिल्यांदा बसले. पंधरा मिनिटांनी आकडा अठ्ठ्याण्णव आला. त्यांनी नवा फेस केला आणि दाढी झकास केली.

हल्ली मी बहुतेक बंदच असते. वहिनींची, डॉक्टरबाईंची आणि त्या फेसवाल्या माणसाची मी फार ऋणी आहे. तुमच्याही खिशात माझी एखादी बहीण असेल. तिला जरूर जवळ ठेवा, पण ती कशासाठी आहे, हे शेजारच्या माणसाला सांगून ठेवा. तो उठून जागा देईल.